बिल्ला जुना, मिना नवा : अस्सल म्हणायचं कशाला?

मागच्या खेपेला 'तीच वस्तू' म्हणजे काय, या प्रश्नाला आपण नुसता हात लावला होता. थिसियसच्या जहाजाची गोष्ट आता सगळ्यांना पाठ झालेली आहे, तेव्हा ती ठेवू बाजूला. नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? आज मी रथाच्या जागी मोटार घेणार आहे, आणि मोटारीतलाही अगदी क्षुल्लक भाग. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या नाकावर जो रंगीत, काचेसारखा चमकणारा बिल्ला असतो ना, तो.

आता एवढ्याशा तुकड्यावर व्याख्यान कशाला? असं बघा, टायर झिजला की आपण बदलतो. ब्रेकचं लायनिंग जुनंच ठेवा असा आग्रह कोणी शहाणा माणूस धरत नाही. त्या भागांना काम असतं, आणि काम होईनासं झालं की प्रश्न मिटला. बिल्ला मात्र काहीच काम करत नाही. तो फक्त एक विधान करतो : 'मी अमुक आहे.' त्यामुळे बिल्ला बदलताना आपण एका विधानालाच हात घालत असतो, आणि विधान खरं असतं किंवा खोटं असतं.

हे किती शब्दशः खरं आहे त्याचं उदाहरण म्हणजे बेंटली. 1921 ते 1929 या काळात त्यांची 3 लिटर मोटार बनत होती. रेडिएटरवरच्या बिल्ल्यात निळा मिना असेल तर साधी गाडी, लाल असेल तर स्पीड मॉडेल, आणि हिरवा असेल तर ताशी 100 मैलांची हमी दिलेली, अगदी मोजकीच बनलेली गाडी. म्हणजे निळा काढून लाल बसवला की एक पत्राही न हलवता गाडीचं कूळ बदललं! (हशा) हसू नका, यात लाखोंचा फरक पडतो.

आता हा मिना म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. तो रंग नव्हे. ती काच आहे. तांब्याच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर ठशानं नक्षी उठवतात, तिच्यातल्या खळग्यांत काचेची रंगीत पूड भरतात आणि साधारण 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालतात. पूड वितळते आणि धातूला धरून बसते. खळगा पुरता भरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. मग दगडानं घासून सपाट करायचं, चकाकी आणायची, आणि सगळ्यात शेवटी उघड्या धातूवर निकेल किंवा क्रोमचा मुलामा. जयपूरची मीनाकारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तत्त्व तेच. इंग्लंडात या धंद्याचं माहेर म्हणजे बर्मिंगहॅमचा ज्वेलरी क्वार्टर. तिथल्या वॉटन्स या जुन्या पेढीनं 1896 सालचा एफए कप घडवला, आणि अ‍ॅस्टन मार्टिनच्या पंखांचे बिल्लेही तीच करत आली.

काच असल्यामुळे ऊन-पावसानं तिचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दोन गोष्टींनी. एक, रस्त्यावरचा खडा उडून टवका जातो. दुसरं, आणि हे जास्त वेळा घडतं, बिल्ला काढताना कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो. धातू वाकतो, काच वाकत नाही. तडकते.

टवका उडाला, आता काय करायचं? पहिला मार्ग, रंगीत रेझिन भरायचं. भट्टी लागत नाही, आजूबाजूचा जुना मिना शाबूत राहतो, आणि उद्या नको वाटलं तर काढताही येतं. पण रेझिन मऊ असतं आणि उन्हात पिवळं पडू शकतं. दुसरा मार्ग, पुन्हा भट्टी. इथे लोकांची गफलत होते. त्यांना वाटतं, तेवढाच टवका भरून भाजून मिळेल. पण जुन्या काचेची घडण आपल्याला माहीत नसते. पुन्हा तापवली की तिचा रंग फिरू शकतो. शिवाय मागचे खिळे डाखानं जोडलेले असतील तर डाख 200 अंशांच्या आसपासच वितळतो, आणि वरचा मुलामा भट्टीत टिकत नाही. म्हणून चांगला कारागीर बहुधा जुना मिना सगळाच काढतो आणि नव्यानं भरतो. धातू जुना, काच नवी. तिसरा मार्ग, नवी प्रतिकृती विकत घेणं. काही प्रतिकृती खऱ्या मिन्याच्या असतात, पुष्कळशा रेझिनच्या. न दिसेल अशा कोपऱ्यात सुईचं टोक टेकवून पाहा : रेझिनवर ओरखडा उठतो, काचेवर नाही.

यातलं 'खरं' कुठलं? इथे मला एक खटला आठवतो. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँची शर्यत जिंकली. पुढे तिचं इंजिन, सांगाडा, वरची बांधणी, सगळं बदलत गेलं. ती विकायचा सौदा सुमारे एक कोटी पौंडांना ठरला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. 1990 साली लंडनच्या न्यायालयानं निकाल विक्रेत्याच्या बाजूनं दिला. गाडीचा इतिहास अखंड आहे, कुठल्याही एका क्षणी ती संपून दुसरी सुरू झाली असं नाही, असा त्याचा आशय. नागसेन कदाचित समाधानी झाला नसता, पण न्यायाधीशाला निकाल द्यावाच लागतो!

माझं मत विचाराल तर मोटारीला ही कसोटी लागू पडते, बिल्ल्याला जपून लावावी. लहानसा टवका असेल तर मी हात लावणार नाही. मिना निम्माअधिक गेला असेल तर जुना बिल्ला कागदात गुंडाळून, त्यावर तारीख घालून ठेवावा, आणि गाडीवर प्रतिकृती लावावी. विकताना दोन्ही द्यावेत, आणि कुठला कुठला ते लिहून द्यावं. लपवलेली दुरुस्ती कितीही सुबक असली तरी मला ती पटत नाही.

एक चिठ्ठी आलेली आहे : 'जयपूरच्या मीनाकाराकडून एमजीचा बिल्ला भरून घेतला तर चालेल का?' प्रश्न चांगला आहे. हाताचं कसब तिथे निःसंशय आहे. पण मीनाकार मुख्यतः सोन्या-चांदीवर काम करतात, आणि हा बिल्ला तांब्याच्या जातीचा. काच आणि धातू तापून-निवून सारख्याच प्रमाणात फुगले-आकसले पाहिजेत, नाहीतर थंड होताना मिना उडून येतो. पुन्हा जुन्या एमजीचा तो चॉकलेटी आणि सायीचा रंग, तो हुबेहूब जुळवायला नमुन्याच्या चार-सहा पट्ट्या तरी भाजून पाहाव्या लागतील. तेव्हा आधी त्याच धातूच्या भंगार तुकड्यावर करून घ्या, आणि बिल्ला त्यानंतरच त्याच्या हातात द्या.