एअर फ्रायर घेतला, पण पदार्थ साधत नाही, काय करावे?

आजकाल एअर फ्रायर नावाचे यंत्र घरोघरी येऊ लागले आहे. पूर्वी ते मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिसत असे, आता खेड्यातही दिसते. कोणाला लग्नात भेट मिळते, कोणी सेलमध्ये घेतो. चार दिवस कौतुक होते, पाचव्या दिवशी यंत्र माळ्यावर जाते आणि कढई पुन्हा चुलीवर चढते. पाच-सात हजारांची वस्तू अशी पडून राहणे हे सरळ नुकसान आहे. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, ते काय काम करते हे आपण समजून घेतलेले नसते. या लेखात तेच सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कापडाच्या व्यापारानिमित्त आमचे पारनेर तालुक्यात जाणे-येणे असते. पुणे-नगर रस्त्यावरून वाडेगव्हाण फाट्याला आत वळले की राळेगणसिद्धी लागते. हे गाव वाचकांना परिचित आहेच. कमी पावसाच्या या गावात १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणी अडवले गेले आणि उसासारखे भरपूर पाणी पिणारे पीक टाळले गेले. हाती किती आहे ते आधी मोजायचे आणि मग खर्च करायचा, हा धडा या गावाने साऱ्या महाराष्ट्राला दिला.

याच गावात आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. गेल्या वर्षी आबांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी तळलेले खाणे बंद केले. कांद्याचे पैसे आले तेव्हा मुलाने साडेसहा हजारांचा एअर फ्रायर आणला. आम्ही गेलो तेव्हा यंत्र कपाटावर होते आणि सूनबाई कढईत भजी तळत होत्या. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "चाचा, त्यात भजी केली तर पीठ खाली गळाले आणि वरचा कांदा करपला. आबांनी एक घास घेतला आणि ताट सरकवले. आता ते कढईतलेच मागतात." बचत गटातल्या बायका असली तीन यंत्रे कर्ज काढून घ्यायच्या विचारात आहेत, हेही त्यांनी सांगितले. गावात पाहुणे येतात, त्यांना बिनतेलाचा फराळ विकायचा बेत होता.

आम्हाला राहवले नाही. आमच्या घरीही सुरुवातीला समोशांचे असेच हाल झाले होते. पुढे बऱ्याच तजुर्ब्यानंतर ते जमले. त्या दुपारी आम्ही सूनबाईंना जे सांगितले, तेच पुढे देत आहोत.

यंत्र कसे चालते?

नावात फ्रायर असले तरी यात तळण होत नाही. २०१० मध्ये फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात एअरफ्रायर मांडला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात ही एक लहान भट्टी आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली. पंखा गरम हवा जोराने टोपलीत फिरवतो.

कढईतले तेल १७० ते १९० अंशांवर असते. पदार्थ त्यात पडताच चारही बाजूंनी उष्णता मिळते आणि ओले पीठ क्षणात घट्ट होते. हवा मात्र तेलाइतक्या वेगाने उष्णता देत नाही. त्यामुळे पातळ पीठ घट्ट होण्याआधीच गळून जाते. आबांच्या घरी भजी बिघडली ती यामुळे.

दुसरी गोष्ट पाण्याची. जोवर पदार्थाच्या अंगावर पाणी आहे, तोवर तिथली उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला सुमारे १४० अंश तरी लागतात. ओले कापड वाऱ्यावर टाकले तर आधी ते वाळते, मगच उन्हाने तापते. इथेही तसेच आहे. पदार्थ ओला टाकला किंवा एकावर एक रचला, तर तो वाफेतच शिजतो. मग मऊ आणि बेचव झाल्याची तक्रार येते.

पाळायच्या गोष्टी

१. जिन्नस कोरडा करा. धुतलेल्या भाज्या, बटाटे, मासे स्वच्छ सुती कापडाने पुसून घ्या.

२. थोडे तेल लावाच. अर्धा किलो बटाट्याला एक ते दोन छोटे चमचे पुरतात. तेल अजिबात नसेल तर वरचा भाग कातड्यासारखा चिवट होतो. तेल ब्रशने किंवा हाताने लावा. डब्यातल्या तयार स्प्रेने टोपलीवर चिकट थर बसतो आणि लेप खराब होतो.

३. यंत्र आधी तीन ते पाच मिनिटे रिकामे तापवा.

४. टोपलीत एकच थर ठेवा आणि मध्ये जागा सोडा. दोन खेपा कराव्या लागल्या तरी चालतील, पण टोपली भरू नका. सर्वात जास्त पदार्थ याच एका चुकीने बिघडतात.

५. अर्ध्या वेळेला टोपली हलवा किंवा तुकडे उलटा. उष्णता वरून येते, म्हणून खालची बाजू मागे राहते.

६. पुस्तिकेतली वेळ हा अंदाज समजा. प्रत्येक यंत्र थोडे वेगळे तापते. पहिल्या वेळी पाच मिनिटे आधी उघडून पाहा आणि आपल्या यंत्राची वेळ वहीत लिहून ठेवा.

कोणता पदार्थ कसा करावा?

बटाट्याच्या काचऱ्या: कापून अर्धा तास पाण्यात ठेवा म्हणजे वरचे पिष्ट निघून जाते. नंतर पुसून, तेल चोळून १८० अंशांवर अठरा ते वीस मिनिटे ठेवा. मध्ये दोनदा हलवा. मीठ शेवटी घाला, आधी घातले तर पाणी सुटते. रंग सोनेरी झाला की थांबा, काळपट होऊ देऊ नका. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि तो लवकर काळा पडतो.

समोसे: पारी जरा पातळ लाटा आणि बाहेरून तेलाचा हात फिरवा. १६० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे, मग १९० वर तीन-चार मिनिटे. सुरुवातीलाच जास्त आच दिली तर वरून लाल आणि आतून कच्चा राहतो.

शामी कबाब आणि कोंबडीचे तुकडे: मसाल्याचे जादा पाणी निथळू द्या. कबाब १८० अंशांवर दहा ते बारा मिनिटे, मध्ये एकदा उलटा. कोंबडीला याच आचेवर वीस मिनिटांच्या आसपास लागतात. सर्वात जाड तुकडा कापून पाहा, आत गुलाबी नको.

शेंगदाणे: १६० अंशांवर दहा-बारा मिनिटे, दोन-तीनदा हलवून. बाहेर काढल्यावरही ते आतल्या आत भाजत राहतात, म्हणून थोडे आधीच काढा.

भरताचे वांगे: सुरीने टोचे मारून तेल लावा आणि २०० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे ठेवा. न टोचता ठेवले तर फुटते. चुलीच्या धुराचा वास मात्र येणार नाही.

पापड: हलका असल्याने तो वाऱ्याने उडून कॉइलला लागतो आणि जळतो. वर जाळी ठेवता येत असेल तरच भाजा.

भजी: पातळ पिठाची भजी यात होत नाहीत. कांद्याला मीठ लावून सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवा, वरून पाणी घालू नका. तेलाचा हात लावून चपट्या वड्या थापा. त्या कुरकुरीत होतात. तरी कढईतल्या भज्यांची चव अपेक्षू नका.

विजेचे काय?

बहुतेक यंत्रे चौदाशे ते सतराशे वॅटची असतात. पंधराशे वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर जास्तीत जास्त अर्धे युनिट जाते. आपल्या बिलातला दर पाहून हिशेब करा. यंत्र मोठ्या, सोळा अँपियरच्या अर्थिंग असलेल्या पॉइंटवरच लावा. पंखा-टीव्हीचा लहान पॉइंट तापून जळू शकतो. मागच्या बाजूला वीतभर जागा मोकळी सोडा. घरचा साधा इन्व्हर्टर या यंत्राला पुरत नाही.

खेड्यात आणखी एक अडचण असते. दाब कमी झाला की यंत्राची ताकद त्याहून जास्त घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर पंधराशे वॅटचे यंत्र सुमारे नऊशे वीस वॅटवर येते. मग पुस्तिकेतल्या वेळेत पदार्थ होणार कसा? अशा वेळी यंत्र जास्त वेळ तापवा, जिन्नस कमी घाला आणि टोपली वारंवार उघडू नका.

राळेगणमध्ये आम्हाला एकाने म्हटले, गावात सौर वीज आहे, मग खर्च कसला? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे पथदर्शी प्रकल्प २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या गावांसाठी ठरले, हे खरे. पण ही योजना शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी आहे. स्वयंपाकघराचे बिल घराच्या मीटरवरच येते.

धंद्यासाठी घ्यावा का?

आता बचत गटाचा हिशेब. घरगुती यंत्रात एका खेपेला अर्धा किलो बटाटे बसतात. भरणे-काढणे धरून तासाला दोन खेपा, म्हणजे एक किलो. तीन यंत्रे लावली तरी तासाला तीन किलो. एवढे काम एक मोठी कढई थोड्या वेळात करते. तीन यंत्रे एकदम चालवली तर साडेचार हजार वॅट लागतील. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागेल, आणि धंद्याच्या विजेचा दर घरगुती दराहून वेगळा असतो. खाद्यपदार्थ विकायचे तर नोंदणीही हवी. शिवाय ही यंत्रे दिवसभर राबण्यासाठी बनवलेली नसतात.

म्हणून आम्ही सांगितले, कर्ज काढू नका. घरात आहे त्या यंत्रावर महिनाभर भाजलेले शेंगदाणे करून पाहा, गिऱ्हाईक किती येते ते लिहा आणि मग ठरवा. कढईवरच धंदा करायचा असेल तर तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायला बंदी आहे.

घरासाठी मात्र हे यंत्र उपयोगाचे आहे. विशेषतः ज्या घरात आबांसारखे कोणी आहे, तिथे तेल खरोखर वाचते. मीठ आणि मैदा मात्र आपोआप कमी होत नाहीत. त्याबाबत डॉक्टरांचे ऐकावे.

त्या दुपारी सूनबाईंनी कांद्याच्या चपट्या वड्या केल्या. पहिली खेप जरा मऊ राहिली, कारण टोपली भरली होती. दुसरी खेप निम्मी घातली. आबांनी चार वड्या खाल्ल्या आणि म्हणाले, "भजी नाहीत ही, पण चालतील." परवा त्यांच्या मुलाचा फोन आला होता. यंत्र आता कपाटावरून खाली ओट्यावर आले आहे आणि गटाने कर्जाचा अर्ज तूर्त मागे ठेवला आहे. वाचकांपैकी ज्यांचे यंत्र माळ्यावर असेल, त्यांनी ते एकदा खाली उतरवून निम्मी टोपली भरून पाहावे.