विश्लेषण : छोट्या चर्च-महाविद्यालयांना तीन हजारांचे गणित जमेल का?

प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेने तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवावे, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते. विलेपार्ल्यासारख्या दाट वस्तीच्या उपनगरात हे लक्ष्य कोणालाही सोपे नाही. चर्चशी संबंधित छोट्या महाविद्यालयांपुढे तर जागेबरोबरच ओळखीचाही प्रश्न आहे.

धोरणात नेमके काय?

विखुरलेल्या छोट्या संस्थांऐवजी मोठ्या, बहुशाखीय संस्था उभ्या राहाव्यात, हा धोरणाचा रोख आहे. विद्यापीठाशी संलग्न राहण्याची सध्याची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे. म्हणजे महाविद्यालयाने एक तर स्वतः पदवी देणारी स्वायत्त संस्था व्हायचे किंवा विद्यापीठाचा घटक व्हायचे. तीन हजारांचे लक्ष्य एकट्यानेच गाठावे असे मात्र नाही. अनेक संस्थांचा समूह करण्याची मुभा धोरणात आहे.

चर्च-महाविद्यालयांचे वेगळेपण काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. १९९२ च्या सेंट स्टीफन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुदानित अल्पसंख्याक संस्थांना आपल्या समाजासाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा राखण्यास मान्यता दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने ही टक्केवारी सरसकट लागू करण्याऐवजी स्थानिक गरजेनुसार ठरवावी, असे म्हटले.

येथे गणित अवघड होते. तीन हजारांपैकी निम्म्या जागा म्हणजे दीड हजार ख्रिस्ती विद्यार्थी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून कमी आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी कुटुंबांमुळे चित्र बरे असले, तरी पटसंख्या वाढत गेली की समाजाचा वाटा आपोआप घटतो. संस्था वाढवायची ती कोणासाठी, हे आधी ठरवावे लागते.

पार्ल्यात जागेची अडचण कशी?

विलेपार्ले विमानतळाला खेटून आहे. धावपट्टीच्या परिसरात इमारतीच्या उंचीवर मर्यादा असते आणि बांधकामापूर्वी विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यामुळे ‘जागा नाही तर मजले चढवा’ हा मुंबईचा नेहमीचा उपाय येथे मर्यादित ठरतो. त्यात चार वर्षांच्या पदवीची भर पडली आहे. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. चौथे वर्ष ऐच्छिक असले, तरी थांबणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग, प्रयोगशाळा आणि संशोधन मार्गदर्शक लागणारच.

पार्ल्यातील मोठ्या संस्थाही एका झेपेत वाढलेल्या नाहीत. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चे, तर पार्ले महाविद्यालय (आजचे साठ्ये महाविद्यालय) १९५९ चे. मधली जवळपास चार दशके शाळेने पाया भक्कम करण्यात घालवली.

समूहाचा पर्याय किती व्यवहार्य?

मुंबईत याची उदाहरणे आहेत. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज एकत्र येऊन डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज यांतून एचएसएनसी विद्यापीठ आकाराला आले. मात्र पहिल्या समूहातील संस्था शासकीय होत्या आणि दुसऱ्या समूहातील एकाच व्यवस्थापनाच्या.

चर्च-महाविद्यालयांचे तसे नाही. पार्ल्यापासून तीन स्थानकांवरील वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज (१९८३) मुंबईच्या आर्चडायोसिसशी संबंधित आहे. सेंट झेवियर्स जेझुइटांचे, सोफिया सेक्रेड हार्ट संघाच्या भगिनींचे, तर विल्सन स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतले. बाहेरून सगळी ‘मिशनरी कॉलेजे’ दिसली, तरी मालमत्ता, विश्वस्त आणि निर्णयप्रक्रिया वेगळ्या आहेत. समूह करायचा तर प्राचार्यांच्या आधी विश्वस्तांना एका टेबलावर बसावे लागेल.

इतिहास काय शिकवतो?

सेंट झेवियर्स १८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनी सुरू केले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत टाकले, मायदेशी पाठवले आणि महाविद्यालयाचा अध्यापकवर्गच विस्कटला. इमारत जागेवर होती, शिकवणारे नव्हते. १९२२ पासून स्पॅनिश जेझुइट आले. त्यांतील फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधन संस्था उभारली आणि महाविद्यालयाची कीर्ती वाढवली. २०१० मध्ये झेवियर्सला स्वायत्तता मिळाली.

मग नियोजन कशाचे?

आज परदेशी धर्मगुरू येत नाहीत आणि शिकवणाऱ्या धर्मगुरू-भगिनींची संख्याही रोडावते आहे. अनुदानित पदे रिक्त राहिली की तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर भार पडतो. स्वायत्तता घेतल्यास अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकालाची जबाबदारीही महाविद्यालयाचीच. हजारभर विद्यार्थ्यांच्या संस्थेला हा खर्च जड जातो.

म्हणूनच छोट्या महाविद्यालयाच्या आराखड्यात नव्या इमारतीच्या आधी तीन गोष्टी यायला हव्यात : कायम प्राध्यापक, कमी उत्पन्न गटातील मुलांसाठी शुल्काची सोय आणि शेजारच्या संस्थेशी ग्रंथालय-प्रयोगशाळा वाटून घेण्याचा लेखी करार. त्या नसतील, तर तीन हजारांचा पट भरूनही महाविद्यालय मोठे होणार नाही, फक्त गर्दी होईल.