पटावर मुलं 3, आणि तरीही हिट!

टर्नअराउंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कडक सुटातला सीईओ. बुडती कंपनी, नवा बॉस, चार क्वार्टरमध्ये नफा! माझा या खात्यातला हीरो मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुख्याध्यापक आहे. दत्तात्रय वारे, म्हणजे सगळ्यांचे वारे गुरुजी.

2012 मध्ये ते शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत आले तेव्हा शाळा म्हणजे दोन खोल्या आणि जेमतेम तीसेक मुलं. गुरुजींनी आधी गावालाच शाळेत ओढलं. गावकऱ्यांनी जमीन दिली, पैसा उभा राहिला, काचेच्या वर्गखोल्या आल्या आणि काही वर्षांत अ‍ॅडमिशनला चक्क वेटिंग लिस्ट लागली. सरकारी शाळेला, बरं का!

मग 2021 मध्ये तक्रारी, चौकशी, निलंबन. आरोप पुढे टिकले नाहीत. पण 2022 मध्ये शाळा मिळाली ती खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची. पटावर मुलं फक्त 3.

मला खरा इंटरेस्ट इथून पुढे आहे. एक शाळा उभी राहिली तर लोक म्हणतात, गाव चांगलं होतं, फंड मिळाला, नशीब! पण एवढं सगळं झाल्यावर, दुसऱ्या गावात, पुन्हा पहिल्यापासून? अशी ट्रान्सफर झाली असती तर मी पहिल्याच दिवशी बायोडेटा अपडेट करायला घेतला असता.

जालिंदरनगरचा पट तीन वर्षांत शंभराच्या पुढे गेला. इथली भारी गोष्ट म्हणजे ‘विषयमित्र’. ज्या मुलाला जो विषय चांगला येतो, तो त्या विषयात बाकीच्यांना शिकवतो. वयाची, इयत्तेची अट नाही; ताई-दादा लहानग्यांकडूनही शिकतात. त्यामुळे शिक्षक मोजकेच असले तरी शिकणं अडत नाही, आणि समजावून सांगणाऱ्याचं आपोआप पक्कं होतं. नव्या ज्युनिअरला एक्सेल शिकवताना आपलंही होतंच की!

2025 मध्ये या शाळेने ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांमधला, लोकांच्या मतांवर ठरणारा ‘कम्युनिटी चॉइस अवॉर्ड’ जिंकला.

माझ्या डोक्यात मात्र एकच भुंगा आहे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना बदली काही चुकत नाही. मग त्यानंतर जालिंदरनगरचं काय? विषयमित्र तरी तेव्हा गावातच असतील. गुरुजी नसताना ते वर्ग कसा सांभाळतात, हे बघायला मी नक्की जाणार आहे.