घासून-पुसून उतरलेली किंमत

अमेरिकेत शनिवार-रविवारी मोठमोठ्या हॉलमध्ये ‘गन शो’ भरतात. लांबच लांब टेबलं, त्यांवर कापड, कापडावर बंदुका आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली किमतीची चिठ्ठी. नवखं गिऱ्हाईक आधी चिठ्ठी उलटून बघतं. जाणतं गिऱ्हाईक चिठ्ठीला हात लावत नाही. ते विक्रेत्याला विचारून रिव्हॉल्व्हर उचलतं, नळी कोणाच्या अंगावर जाणार नाही अशी धरतं, सिलिंडर बाजूला काढतं आणि सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करून घेतं. मग उघडलेल्या सांगाड्याच्या खाचेत कोरलेला बारीक आकडा वाचतं. किमतीची सुरुवात त्या आकड्यापासून होते.

सेकंडहँड गाडी घेताना आपण आरसी बुकातलं साल पाहतो, तसाच हा प्रकार. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५७ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरना मॉडेल क्रमांक दिले. त्याआधी नुसती नावं असायची. १९५५ मध्ये ‘कॉम्बॅट मॅग्नम’ या नावाने आलेलं .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर पुढे ‘मॉडेल १९’ झालं. रचनेत काही बदल केला की क्रमांकापुढे आडवी रेघ आणि नवा आकडा: १९-३, १९-४, १९-५. बाहेरून पाहिलं तर तिन्ही सख्ख्या बहिणी. पण १९८२ च्या १९-५ पासून नळी सांगाड्यात आडव्या पिनेने पक्की करणं बंद झालं आणि काडतुसाची कड आत बसावी म्हणून सिलिंडरच्या घरांना जी पायरी कोरलेली असे, तीही गेली. नेमबाजीत याने फारसा फरक पडत नाही. बाजारात मात्र पिनवाल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला लोक जास्त मोजतात.

दुसरी सीमारेषा २००१ ची. त्या वर्षी कंपनीची मालकी बदलली आणि नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये किल्लीने बंद होणारं अंतर्गत कुलूप आलं. डाव्या अंगाला किल्लीचं एवढंसं भोक दिसतं. क्लिंटन सरकारशी कंपनीने आदल्या वर्षी केलेल्या कराराचा राग बंदूकप्रेमींच्या मनात होता, म्हणून त्यांनी त्या भोकाला ‘हिलरी होल’ म्हणायला सुरुवात केली. राजकारण कुठे कुठे शिरेल सांगता येत नाही, पण भोक नसलेल्या जुन्या मालाला आजही चढा भाव मिळतो हे खरं.

आकडा वाचून झाला की यंत्राची तपासणी. इथे घाई करणारा फसतो.

रिव्हॉल्व्हर म्हणजे मुळात घड्याळासारखी वेळ पाळणारी वस्तू. घोडा मागे ओढला की एक छोटा खटका सिलिंडरला पुढच्या घरापर्यंत ढकलतो आणि दुसरा खटका खालून खाचेत बसून त्याला अडवतो. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकायच्या आत सिलिंडर जागेवर पक्कं व्हायला हवं. म्हणून जाणता माणूस सिलिंडरला अंगठ्याने किंचित रोध देत घोडा अगदी सावकाश ओढतो आणि हे प्रत्येक घरासाठी करतो. पाच घरं बरोबर आणि सहावं किंचित मागे, असंही निघतं. त्या घरातली गोळी नळीच्या तोंडाशी नीट सरळ येत नाही. तिचा थोडा भाग खरवडला जाऊन फटीतून बाजूला उडतो. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा दोष विशेष जपून पाहतात, कारण त्यांची जुनी यंत्रणा फार गुळगुळीत चालते, पण झिजली की तिला वेळेवर आणणारे कारागीर थोडेच उरले आहेत.

मग सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहायचं. जाणवण्याइतकं हललं तर वापर भरपूर झालेला आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजायला फीलर गेज लागतं, स्कूटरचे टॅपेट सेट करताना मेकॅनिक वापरतो तेच. ही फट इंचाच्या चार ते सहा हजारांश भागांइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडी जास्त असेल तर उत्तम. दहा हजारांशाच्या पुढे गेली तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलायचं. घोडा मागे अडकवून ठेवला असता मागून अंगठ्याने दाबल्यावर सुटला, तर सौदा तिथेच संपवावा. कोणीतरी घरच्या घरी कानस घेऊन चाप हलका करायला गेलेलं असतं. स्क्रूंची तोंडं चेचलेली दिसली तरी तोच संशय.

मॉडेल १९ ची खोड आणखी वेगळी आहे. सांगाडा आटोपशीर ठेवण्याच्या नादात नळीच्या मागच्या तोंडाचा खालचा भाग कापून सपाट केलेला आहे. तिथला पोलाद पातळ पडतो. हलक्या, १२५ ग्रेन वजनाच्या गोळीची जोरदार मॅग्नम काडतुसं सतत उडवली, की नेमक्या त्या जागी तडा जातो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने थोडा मोठा ‘एल’ सांगाडा काढला, त्यामागे हेच दुखणं होतं. टॉर्च लावून ते तोंड खालून पाहिल्याशिवाय मॉडेल १९ ची कुठलीच किंमत ‘रास्त’ म्हणता येत नाही.

सिनेमात नायक मनगटाला झटका देऊन सिलिंडर खाडकन बंद करतो. त्याने सिलिंडर धरणारा दांडा वाकतो. एखादा विक्रेताच तसं करून दाखवू लागला, तर त्याच्या टेबलावरचा सगळा माल तसाच हाताळला गेला असेल असं समजून पुढे जावं.

उलट, दिसायला अगदी कळकट माल कधी कधी उत्तम निघतो. अमेरिकेतल्या पोलिसांनी १९८० आणि ९० च्या दशकांत रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलं घेतली. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांना ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची परवानगी मिळाली ती १९९३ मध्ये. त्या लाटेत हजारो रिव्हॉल्व्हर दुकानांत आली. चामड्याच्या म्यानात घासून नळीच्या टोकाचा काळा मुलामा उडालेला, मुठीचं लाकूड गाडीच्या दारावर आपटून चेपलेलं. पण आतलं यंत्र जवळपास नवं, कारण पोलिसाने ते वीस वर्षं कमरेला वागवलं आणि वर्षातून मोजक्याच वेळा सरावाला चालवलं. नेमबाजीसाठीच घ्यायचं असेल तर यासारखा सौदा नाही.

आता मुलाम्याची गोष्ट, आणि इथे मराठी माणसाची घरगुती समजूत उलटी पडते. आपल्याकडे जुनी समई किंवा घंगाळ विकायला काढायचं तर आधी चिंच लावून लख्ख करतात. जुन्या रिव्हॉल्व्हरला असं लख्ख केलं की संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत कोसळते. कारखान्यातून निघताना चढवलेला निळसर-काळा मुलामा पुन्हा येत नाही. नवा चढवण्याआधी पोलाद चाकावर घासावं लागतं. त्यात धारदार कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. ओळखायची एक सोपी खूण आहे. स्मिथ अँड वेसनचा घोडा आणि चाप जुन्या काळी बहुधा तांबूस-करड्या रंगछटांचे ठेवलेले असत. तेही उरलेल्या अंगासारखे काळे किंवा निकेलचे चकाकत असतील, तर कुणीतरी हात फिरवला आहे. म्हणून नवं दिसणाऱ्या पन्नास वर्षांच्या रिव्हॉल्व्हरकडे जाणकार आधी संशयानेच पाहतो.

या बाबतीत सर्वांत फसवा माल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ‘व्हिक्टरी मॉडेल’. अमेरिकेने ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांना पुरवलेलं हे रिव्हॉल्व्हर .३८ स्मिथ अँड वेसन या आखूड, जाड काडतुसासाठी होतं. युद्धानंतर त्यातली पुष्कळ पुन्हा अमेरिकेत विकायला आणली गेली. तिथे खपणारं लांब .३८ स्पेशल काडतूस बसावं म्हणून सिलिंडरची घरं पुढे कोरली, नळ्या कापल्या, वर निकेल चढवलं. पण घर मागच्या बाजूला रुंदच राहिल्याने पुंगळी फुगते, कधी चिरते. असं चकचकीत रिव्हॉल्व्हर ‘महायुद्धातलं अस्सल’ म्हणून समोर आलं, तर त्याला अस्सलाचा भाव द्यायचं कारण नाही.

मग भाव ठरवायचा कशावरून? अमेरिकेत दरवर्षी ‘ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज’ निघतं. त्यात मूळ मुलामा किती टक्के शिल्लक आहे त्यानुसार किमतींचे रकाने असतात. पुस्तक दिशा दाखवतं, पण ते छापून होईपर्यंत बाजार सरकलेला असतो. म्हणून जाणते लोक लिलावांत त्याच मॉडेलची, त्याच स्थितीतली रिव्हॉल्व्हर शेवटी कितीला गेली ते पाहतात. मागितलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते. कुणीतरी मोजलेली ती किंमत. परराज्यातल्या माणसाकडून घेतलं तर १९६८ च्या कायद्यानुसार परवानाधारक दुकानदारामार्फतच हस्तांतर होतं, त्याचं शुल्क वेगळं. मूळ खोका, कागद आणि अवजारं सोबत असली तर भाव वाढतो, मात्र खोक्यावरचा क्रमांक रिव्हॉल्व्हरशी जुळायला हवा.

आणि पडदा किमतीत किती भर घालतो, हे विसरून चालत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ‘डर्टी हॅरी’ झळकला. क्लिंट ईस्टवूडच्या हातातलं मॉडेल २९ दुकानांत मिळेनासं झालं आणि लोक छापील दरापेक्षा जास्त मोजून ते घेऊ लागले. कोल्ट पायथन १९५५ मध्ये १२५ डॉलरला निघालं आणि २००५ मध्ये बंद झालं. मग ‘द वॉकिंग डेड’ मालिकेच्या नायकाने ते कमरेला लावलं, तशी जुन्या मालाची मागणी आणखी वाढली. अखेर कोल्टने २०२० मध्ये नवं पायथन १,४९९ डॉलरला बाजारात आणलं.

एखाद्या प्रसंगाची पुराव्यानिशी साथ असेल तर सगळे हिशेब बाजूला पडतात. फ्रेंच कवी पॉल व्हर्लेनने १० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्समध्ये २३ फ्रँकला रिव्हॉल्व्हर विकत घेतलं आणि त्याच दिवशी मित्र आर्थर रँबोच्या मनगटात गोळी घातली. पॅरिसमध्ये २०१६ साली ते ४,३४,५०० युरोंना गेलं. शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्टने कुख्यात गुंड बिली द किडला मारलं, त्याला २०२१ मध्ये साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. पण असा पुरावा कागदावर हवा, विक्रेत्याच्या तोंडी नको.

भारतात किमतीचं गणित निराळंच आहे. इथे भाव ठरवला तो कायद्याने. .३८ आणि .४५५ ही लष्करी मापं खासगी माणसाला निषिद्ध, म्हणून सामान्य परवाना मिळतो तो .३२ चा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खासगी आयात बंद झाली, आणि त्याआधी देशात आलेली .३२ ची जुनी वेब्ली आणि स्मिथ अँड वेसन लाखांच्या घरात गेली. जी वस्तू अमेरिकेत साध्या जुन्या मालात मोडेल, ती इथे नव्या देशी रिव्हॉल्व्हरपेक्षा महाग पडते. कानपूरला तयार झालेलं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. त्यामुळे इथल्या घेणाऱ्याने नाव ऐकून भुलण्याआधी वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या जास्तच कसून कराव्यात. सत्तर वर्षांच्या परदेशी रिव्हॉल्व्हरचा तुटलेला खटका बदलायला सुटा भाग कुठून आणणार?

आजोबांच्या कपाटात असं एखादं रिव्हॉल्व्हर असेल आणि परवाना त्यांच्याच नावावर असेल, तर त्यांच्या माघारी ते घरात ठेवता येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. परवाना आपल्या नावावर असेल आणि दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल, तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं. आणि त्या ४५ दिवसांत ते घासायला, पुसायला, निकेल चढवायला कुणाकडेही देऊ नका.