प्लासी नावाची आगबोट

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही प्लासीच्या लढाईविषयी वाचले असेल. १७५७ साली रॉबर्ट क्लाइव्हने ही लढाई जिंकली. पुढे त्याने आयर्लंडमध्ये जमीन घेतली आणि तिला प्लासी हे नाव दिले. लिमरिक शहराजवळच्या एका भागाला आजही प्लासी म्हणतात. या शहरातील एका कंपनीने १९५१ मध्ये एक जुनी आगबोट विकत घेतली व तिचे नाव ‘प्लासी’ ठेवले. बंगालमधल्या गावाचे नाव कुठल्या कुठे पोहोचले पाहा!

ही आगबोट १९४० साली इंग्लंडमध्ये बांधली गेली. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. म्हणून ती प्रथम आरमारात होती आणि तिचे नाव ‘ज्युलिएट’ होते. युद्धानंतर ती मालवाहू बोट झाली.

८ मार्च १९६० रोजी ती माल घेऊन गॉलवे बंदराकडे चालली होती. समुद्रात भयंकर तुफान झाले. इनिशीर नावाच्या लहानशा बेटाजवळ ती खडकावर आदळली. तिचा तळ फुटला. बोटीवर अकरा माणसे होती. किनारा जवळच होता, पण मधल्या लाटांत होडी टिकणे शक्य नव्हते.

बेटावरच्या गावकऱ्यांचे एक बचाव पथक होते. ते साहित्य घेऊन किनाऱ्यावर आले. आतषबाजीत उडवतात तसा, पण खूप मोठा अग्निबाण त्यांच्याजवळ होता. त्याला एक बारीक दोरी बांधलेली असते. बाण बोटीवरून पलीकडे जातो आणि दोरी बोटीवर पडते. खलाशी ती ओढतात. तिच्यामागून जाड दोर येतो. तो दोर बोटीवर उंच जागी बांधतात. मग कप्पीला अडकवलेले एक कडे त्या दोरावरून बोटीकडे जाते. कड्याला जाड कापडाची तुमान शिवलेली असते. तुमानीत पाय घालून एक माणूस बसतो आणि किनाऱ्यावरचे लोक त्याला ओढून घेतात. कडे पुन्हा बोटीकडे जाते. एका वेळी एकच माणूस! खाली लाटा उसळत असताना बाकीच्यांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. अशा रीतीने गावकऱ्यांनी अकराच्या अकरा माणसांना वाचवले.

काही आठवड्यांनी आणखी एक तुफान आले. त्याने रिकामी बोट खडकावरून उचलली आणि बेटाच्या किनाऱ्यावर आणून टाकली. तेथे तिचा गंजलेला सांगाडा दगडांवर पडून राहिला. दूरदूरचे प्रवासी तो पाहायला येऊ लागले. २०१४ सालच्या वादळात समुद्राने तो सांगाडाही जागेवरून सरकवला.