चाळीस दिवसांचा शिधा

सदाशिव पेठेतील एका किराणा दुकानात, महिनाअखेरीच्या गर्दीत, एका वयस्क बाईंनी वाण्यापुढे यादी म्हणून एक जाड पुठ्ठा ठेवला, आणि त्यावर जिन्नसांची नावे शाईने, तर परिमाणे पेन्सिलीने लिहिलेली पाहून माझे कुतूहल इतके जागृत झाले की, ही यादी घरी कशी सिद्ध होते ते पाहू द्यावे, अशी विनंती मी त्यांना तेथेच केली. “अठ्ठावीस तारखेला सकाळी या, डबे तेव्हाच उघडते,” एवढेच त्या म्हणाल्या. कोषागारातील नोकरीतून त्या निवृत्त झालेल्या. आळीत सर्वजण त्यांना काकू म्हणतात.

प्रथम त्यांनी तूरडाळीचा डबा उतरवला. डब्याच्या आतल्या अंगाला खिळ्याने ओढलेली एक आडवी रेघ होती. डाळ तळहाताने सपाट करून काकूंनी ती रेघेशी ताडून पाहिली, आणि रेघ दाण्यांच्या किंचित वर राहिलेली दिसताच पुठ्ठ्यावरचा जुना आकडा खोडून तेथे ‘पाच किलो’ असे लिहिले. रेघ दहा दिवसांची. “महिना तीस दिवसांचा असला, तरी घर चाळीस दिवसांचं धरायचं,” त्या म्हणाल्या. “पाहुणे येतात, पगार लांबतो, पाऊस चार दिवस बाहेर पडू देत नाही.” पाच माणसांच्या या घरात दोन्ही वेळच्या वरण-आमटीला मिळून एक शिगोशीग वाटी डाळ लागते, ती त्यांनी तोलून पाहिली तेव्हा दीडशे ग्रॅम भरली, म्हणजे चाळीस दिवसांचे सहा किलो, आणि त्यांतून शिल्लक वजा जाता उरेल ती मागणी. मोहरी, जिरे, हळद, मीठ, साखर, चहा यांचे डबे त्यानंतर भराभर पाहून झाले.

देशात 1958 पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि चार शेरांची पायली व्यवहारातून हळूहळू अस्तंगत झाली, तरी स्वयंपाकघराचे माप वाटीचेच राहिले. वाण्याचा किलो आणि घरची वाटी यांची सांगड प्रत्येक जिन्नसापुरती एकदा घालून ठेवणे, हे या यादीतील सर्वांत किचकट आणि, माझ्या मते, सर्वांत मोलाचे काम होय.

ही बुद्धी त्यांना का सुचली, हे त्यांनी रवा चाळता चाळता सांगितले. एके वर्षी त्या आजारी पडून रुग्णालयात होत्या, तेव्हा मुलाने अगदी साधा प्रश्न विचारला, “आई, तांदूळ किती आणू?”, आणि अनेक वर्षे न चुकता तांदूळ भरणाऱ्या या बाईंना त्याचे उत्तर आकड्यांत देता येईना. हाताला ठाऊक होते ते दप्तरी कोठेच नोंदलेले नव्हते. तो प्रसंग ऐकल्यापासून माझ्या मनातून जात नाही. घरी परतल्यावर काकूंनी तीन महिने, वाण्याकडून काय आले याची नव्हे, तर प्रत्येक जेवणात काय शिजले आणि त्याला काय किती लागले याची नोंद ठेवली. त्या नोंदींतून जे वारंवार आले ते शाईने पुठ्ठ्यावर चढले, आणि हौसेने एकदाच आणलेले जिन्नस आपोआप गळाले.

अर्थात चाळीस दिवसांचा नियम सरसकट नाही. रव्याला पावसाळ्यात किडे होतात, खोबरे खवट होते, म्हणून ही दोन्ही पंधरवड्यापुरतीच घ्यायची. सणावारांची पुरवणी पुठ्ठ्याच्या पाठीवर आहे: चातुर्मासात उपासांसाठी भगर, साबुदाणा आणि राजगिरा यांत वाढ, दिवाळीच्या आधी भाजणीचे धान्य, पौषात तीळ आणि चिक्कीचा गूळ, होळीला पुरणासाठी हरभराडाळ. ही पाठ मुलाने लिहिली आहे, आणि आता एक महिन्याआड डबेही तोच तपासतो.

कचेरीत हीच तजवीज करणाऱ्याला भांडारपाल म्हणून हुद्दा आणि वेतन मिळते. घरात तेच काम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमाला आपण काम असे संबोधतही नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. तेव्हा वाचकांना आग्रहाची विनंती अशी की, आज रात्रीच्या जेवणाला काय किती लागले ते घरातल्या जाणत्या माणसाला विचारून लिहून ठेवावे, तीन महिने तो क्रम मोडू नये, आणि तयार होणारी यादी घरातल्या प्रत्येकाला वाचता येईल अशा जागी लावावी.