परक्या गावी घर शोधताना : शेगावचे उदाहरण

बदलीचा आदेश हाती पडला की नोकरदाराच्या कुटुंबात पहिला प्रश्न निघतो तो घराचा. नवे गाव कसे आहे, वस्ती कोणती बरी, भाडे किती पडेल, अशी चौकशी सुरू होते. कार्यालय वा शाळा त्या घरापासून किती दूर आहे, तेथे जायचे कसे आणि विशेषतः तेथून परतायचे कसे, हा प्रश्न मात्र बहुधा सामान उतरवून झाल्यावरच सुचतो. तोवर अनामत रक्कम दिलेली असते, मुलांची नावे शाळेत घातलेली असतात आणि चूक सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. परिणामी शिक्षक शाळेत घाम पुसत पोहोचतो, परिचारिकेची नजर दुपारपासूनच परतीच्या बसच्या वेळेकडे लागते आणि ग्रामसेवक गावात सापडत नाही अशी तक्रार ग्रामसभेत होते. चुकीच्या जागी घेतलेल्या घराची किंमत अशी गावालाही मोजावी लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे गाव आहे. तालुक्याचे ठिकाण, नगरपरिषदेचे शहर, श्री गजानन महाराजांमुळे अखिल महाराष्ट्राला परिचित झालेले तीर्थक्षेत्र आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावरील महत्त्वाचे स्थानक अशी त्याची चतुर्विध ओळख आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्याला लोहमार्ग नाही. शेगावला तो एकोणिसाव्या शतकातच लाभला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली ती याच मार्गाने. १९८३ साली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि यात्रेकरूंच्या जोडीला विद्यार्थ्यांचीही वर्दळ वाढली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास होती. एवढ्या गावात दोन खोल्या मिळणे अवघड नसावे असे नवागताला वाटते. अडचण कोठे येते हे पाहण्यासाठी गावाची घडण लक्षात घ्यावी लागते.

तीर्थक्षेत्री मुक्कामाची सोय मुबलक असते, निवासाची तितकी नसते. येथील भक्तनिवास भाविकांच्या अल्प मुक्कामासाठी आहेत. नोकरदाराने तेथे रुजू होण्याचे दोन-चार दिवस काढावेत, यापेक्षा अधिक अपेक्षा धरू नये. मंदिराच्या परिसरातील ज्या घरमालकाला खोली दिवसाच्या हिशेबाने देता येते, तो ती महिन्याच्या भाड्याने देण्यास सहसा उत्सुक नसतो, आणि त्यात त्याचा दोषही नाही. शिवाय गुरुवार, एकादशी, रामनवमी, माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन आणि ऋषिपंचमीचा पुण्यतिथी उत्सव या दिवशी मंदिराकडे जाणारे रस्ते माणसांनी फुललेले असतात. ज्याला रोज ठरावीक वेळी सायकल वा दुचाकी काढून बसस्थानक गाठायचे आहे, त्याने मंदिरालगतची खोली घेण्यापूर्वी एखाद्या गुरुवारी सकाळी त्या गल्लीतून प्रत्यक्ष जाऊन पाहावे. देवाच्या दारी राहण्याचे समाधान मोठे असले तरी हजेरीपत्रक त्याची दखल घेत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे नियमन करणारा २००५ चा अधिनियम सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात असे सांगतो. पदावरील सामान्य कालावधी तीन वर्षांचा धरतो. म्हणजे बदलून आलेला कर्मचारी घर शोधू लागतो तो मेअखेर वा जूनमध्ये. त्यानंतर लवकरच महाविद्यालयीन विद्यार्थीही खोल्या शोधत येतात. अभियांत्रिकी महाविद्यालय खामगाव मार्गावर असल्यामुळे त्या बाजूला ही ओढ अधिक जाणवते. तिघे-चौघे विद्यार्थी मिळून जे भाडे देऊ शकतात, ते एका कुटुंबाला जड जाते. यास्तव बदलीची शक्यता दिसताच ओळखीच्या सहकाऱ्याकरवी चौकशी सुरू करणे हिताचे ठरते. आणि मुक्काम तीन वर्षांचा आहे हे ध्यानात ठेवले म्हणजे रोजच्या प्रवासातील वीस मिनिटांचा फरक क्षुल्लक वाटत नाही.

राहावे शेगावात, की अन्यत्र?

येथे नोकरदारापुढे तीन पर्याय उभे राहतात. शेगावातच राहणे, सुमारे सतरा किलोमीटरवरील खामगावला राहून ये-जा करणे, किंवा अकोल्यास राहून रेल्वेने येणे. अकोला मोठे शहर. मुलांच्या शिक्षणाची आणि वैद्यकीय उपचारांची सोय तेथे अधिक. लोहमार्गाने अंतर अवघे ३७ किलोमीटर. कागदावर हा पर्याय फार आकर्षक दिसतो. परंतु गाडीत बसल्यानंतरचा वेळ म्हणजे प्रवास नव्हे. घरापासून अकोला स्थानकापर्यंत जाणे, गाडीच्या वेळेआधी पोहोचणे, शेगावला उतरून पुन्हा ऑटोरिक्षा वा बस शोधणे, आणि नेमणूक तालुक्यातील खेड्यात असेल तर त्या बसची वाट पाहणे, हे सारे मिळून खरा प्रवास होतो. अर्ध्या-पाऊण तासाची गाडी अशा रीतीने एका बाजूचे दोन तास घेऊ शकते. रेल्वेचा मासिक पास स्वस्त असतो हे खरे. पण तो आरक्षित डब्यात चालत नाही आणि अतिजलद गाड्यांसाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. म्हणून स्थानकावर थांबणाऱ्या गाड्यांची संख्या मोजून भागत नाही. आपल्या पासावर, आपल्या वेळेला, दोन्ही दिशांना कोणत्या गाड्या उपयोगी पडतात आणि त्यांतली एक चुकल्यास पुढची केव्हा, एवढेच विचारावे.

खामगावची गोष्ट उलटी आहे. नकाशावर तेथेही लोहमार्ग दिसतो. जलंबहून निघणारा हा छोटा फाटा १८७० साली, वऱ्हाडातील कापसाच्या व्यापारासाठी बांधला गेला. परंतु शेगावहून रेल्वेने खामगाव गाठायचे तर आधी पश्चिमेला सुमारे बारा किलोमीटरवरील जलंबला जाऊन गाडी बदलावी लागते आणि तेथून पुन्हा सुमारे तेरा किलोमीटर जावे लागते. रस्त्याने हेच अंतर बरेच कमी पडते. तेव्हा खामगावला राहणाऱ्याने भिस्त ठेवावी ती एस. टी. वर किंवा स्वतःच्या वाहनावर. कापसाच्या गाठींसाठी आखलेला मार्ग शिक्षकाच्या हजेरीसाठी सोयीचा असेलच असे नाही.

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली एक मत मांडले होते. मनुष्य पायी चालो की मोटारीने जावो, तो दिवसातील साधारण एक तासच प्रवासाला देण्यास राजी असतो. वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवत नाही, अधिक दूर राहावयास जातो. हा काही निसर्गनियम नव्हे. तथापि घर शोधताना मापदंड म्हणून तो उपयोगी आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगाराने हा हिशेब शास्त्रज्ञाला न विचारताच केला होता. भोंगा ऐकू येईल आणि पाळी पायी गाठता येईल, अशा अंतरावरच्या चाळीत तो दाटीवाटीने राहिला.

परतीची वाट

प्रवासाची कसोटी सकाळी लागत नाही. सकाळी गावाहून शहराकडे आणि शहरातून गावाकडे वाहने धावत असतात, सहप्रवासी असतात, उजेड असतो. कसोटी लागते ती सायंकाळी, बैठक लांबल्यावर. बदलून आलेल्या शिक्षिकेला किंवा आरोग्यसेविकेला गावात विचारण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, की येथून शेगावकडे जाणारी शेवटची बस कितीची, आणि ती खरोखर येते का. बसस्थानकावरील फलक या प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर देतो; उत्तरार्धाचे उत्तर थांब्याजवळच्या चहावाल्याकडे मिळते. शाळेच्या सुट्ट्यांत काही फेऱ्या बंद होतात काय, हेही त्यालाच ठाऊक असते.

याच कारणाने घर पाहण्याचा फेरफटका एकाच वेळी करून भागत नाही. एकदा कामाच्या वेळी आणि एकदा दिवेलागणीनंतर घर ते थांबा हे अंतर चालून पाहावे. वाटेत दिवे आहेत का, रेल्वेचे फाटक ओलांडावे लागते का, ते किती वेळ बंद राहते, हे डोळ्यांनी पाहण्याचे विषय आहेत. मुंबई-नागपूर मार्गावर प्रवासी गाड्यांबरोबर मालगाड्यांची वाहतूकही मोठी आहे. फाटकाशी गेलेली दहा मिनिटे बस चुकण्यास पुरेशी असतात.

मग पावसाळा. शेगाव तालुक्याचा मोठा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती पावसात चिकट होते. पक्का रस्ता सोडून शंभर पावले आत असलेल्या घरापर्यंत दुचाकी नेणे जुलैमध्ये जिकिरीचे होते. संग्रामपूर तालुक्यात नेमणूक असलेल्याने शेगावात घर घेतले तर वाटेत पूर्णा ओलांडावी लागते, हे विसरू नये. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने गावांचा संपर्क कसा तुटतो याचा अनुभव दिला आहे. अशा कर्मचाऱ्यासाठी नदीच्या पलीकडील लहानसे गाव शेगावपेक्षा अधिक सोयीचे ठरू शकते. पण तेथे पाण्याची चौकशी आधी करावी. पूर्णाकाठ हा खारपाणपट्टा आहे. विहिरी व कूपनलिकांचे पाणी अनेक गावांत खारे लागते. नळाचे पाणी किती दिवसांआड येते आणि साठवणुकीला टाकी आहे का, हे भाड्याच्या आधी विचारावे. पत्र्याच्या छपराची खोली जूनमध्ये स्वस्त वाटते. एप्रिलमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेल्यावर तिचे खरे भाडे कळते.

करारपत्र

घर पसंत पडल्यावर व्यवहार तोंडी ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. वऱ्हाडात या विषयाला वेगळा इतिहास आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी १९४९ साली काढलेल्या भाडे नियंत्रण आदेशात, घर रिकामे झाल्याची वर्दी घरमालकाने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास द्यावी आणि त्या अधिकाऱ्याने ते घर शासकीय सेवकास वा विस्थापितास द्यावयास सांगावे, अशी तरतूद होती. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीही नियंत्रकाची परवानगी लागे. फाळणीनंतरच्या घरटंचाईत ही व्यवस्था समजण्यासारखी होती. मात्र भाडेकरू ठेवण्याची घरमालकांनी धास्ती घेतली तीही अशा नियमांमुळेच. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी हा आदेश विदर्भात चालूच राहिला. ३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने तो आणि राज्याच्या अन्य भागांतील जुने कायदे रद्द करून एक कायदा केला.

या अधिनियमाच्या कलम ५५ अन्वये भाड्याचा किंवा अनुज्ञप्तीचा करार लेखी असावा लागतो व त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी टळते, हा समज देशाच्या सर्वसाधारण नोंदणी कायद्यावरून रूढ झाला. महाराष्ट्रात हा अधिनियम लागू असलेल्या क्षेत्रात तो टिकत नाही. भाड्याची पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे आणि सबळ कारणावाचून पाणी वा वीज तोडण्यास कलम २९ ने मनाई केली आहे. नोंदणी आता संगणकाद्वारे घरबसल्याही होते. अनामत किती, ती परत केव्हा, वीज मीटर स्वतंत्र की सामाईक, आणि मुदतीपूर्वी बदली झाल्यास किती दिवसांच्या सूचनेवर घर सोडता येईल, या चार बाबी नोकरदाराने करारात आवर्जून लिहून घ्याव्यात.

गावाकडून अपेक्षा

शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी यांनी मुख्यालयी राहावे, हा आग्रह जुना आहे. सप्टेंबर २०१९ च्या ग्रामविकास विभागाच्या निर्णयाने त्याची सांगड ग्रामसभेच्या ठरावाशी घातली. ठराव करताना पंचायतीने एक प्रश्न स्वतःलाही विचारावयास हवा. कुटुंबासह राहता येईल अशा, संडास व पाणी असलेल्या किती खोल्या गावात भाड्याने मिळतात? अनेक गावांत याचे उत्तर एखाद-दुसरी असे येते. जेथे खोलीच नाही तेथे मुख्यालयी राहण्याचा दाखला कागदावरच राहतो, आणि एकाच कागदाने शिक्षक व पंचायत दोघेही अडचणीत येतात.

रिकाम्या खोल्यांची यादी ठेवण्यास पंचायतीला निधी लागत नाही. गावातील कोणते घर बंद आहे, कोणाचा मुलगा पुण्याला असल्याने वरचा मजला मोकळा आहे, हे सदस्यांना ठाऊक असते. नवागताला मात्र ते कळण्यास सहा महिने लागतात. खोल्या किती, पाणी नळाचे की कूपनलिकेचे, वीज मीटर स्वतंत्र आहे का, शाळा व बसथांबा किती पावलांवर, शेवटची बस कितीची, एवढे रकाने असलेला एक कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे असावी. विदर्भातील शाळा राज्याच्या अन्य भागांपेक्षा काहीशा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. बदल्यांचे आदेश आणि शाळेची पहिली घंटा यांच्यामध्ये तीन-चार आठवडे मिळतात. यादी मेअखेर लागली तर तेवढ्या दिवसांत घर पाहून होते.